दाढीवाल्याच्या हाताला वास

हॅलो?

कोण, ट्रूडी? … बोल. कोबी चिरून आंबवायला बरणीत दाबतेय, हात मिठाचे आहेत, फोन खांद्यावर धरलाय. तेव्हा मुद्द्याचं बोल.

चर्चच्या जेवणाला? बटाट्याचं सॅलड. दरवेळी आणते तेच… ते राहू दे, मला आधी एक सांग. ऑर्विल दिसला का गं तुला आज कुठे?

माझाच नवरा! दुसरा कुठला ऑर्विल आहे गावात?

नाही ना? बघ. मला म्हणाला, हरणांच्या शेताकडे जाऊन येतो.

अगं तेच, हरणांसाठी म्हणून पेरतो तो ओढ्याकाठचा टीचभर तुकडा. हरणं चरायला यायची आणि हा खोपटीत बंदूक घेऊन बसायचा, दरवर्षीचंच आहे ते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की काल घरी आला तो हाताला आफ्टरशेव्हचा वास घेऊन.

केली असेल दाढी? ट्रूडी! ऑर्विलची दाढी छातीपर्यंत आहे. लग्नाच्या दिवशीसुद्धा केली नव्हती त्याने, आई किती चिडली होती!

बाई? छे! बाईला आफ्टरशेव्हचा वास येतो का? अक्कल चालव जरा. आणि ऑर्विलला बघून कुठल्या बाईचं डोकं फिरणार आहे? माझं एकदा फिरलं तेवढं पुरे.

माझा संशय वेगळाच आहे. शिकागोचा कुणीतरी साहेब.

हो, हो… अगं ऐक ना. आपल्याकडे शिकारीचा हंगाम जवळ आला की कुणी वासाचा साबणसुद्धा अंगाला लावत नाही. हरणाला किती लांबून वास लागतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तोंडाला सेंट फासून रानात बसणारं गाढव शहरातलंच असणार! ऑर्विल परस्पर माझं रान शिकारीला भाड्याने देतोय.

पुरावा आहे. परवा तो बियाणांच्या दुकानात गेला तशी मी स्वतः जाऊन बघून आले. खोपटीत इतकी वर्षं एक मोडकी खुर्ची होती. आता दोन आहेत. दुसरीला गादी! वर घोंगडी! आणि दाराच्या दोन पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केलाय. साहेबांना दोन पायऱ्या चढवत नाहीत!

हसतेस काय? बाबांनी ते रान माझ्या नावावर केलंय, ऑर्विलच्या नाही. आज भाड्याने देईल, उद्या विकायला काढेल. बाबांचं एवढंच उरलंय गं माझ्याकडे. जीव तुटतो माझा.

आणि पेरलंय काय, सांगू? नुसतं सलगम! दरवर्षी ओट असतात, क्लोव्हरचं गवत असतं, कडेला थोडं सलगम. ओट हरणं आत्ता खातात. सलगमाचा पाला कडू, दव गोठून चांगला कडाका पडल्याशिवाय त्याला गोडी येत नाही. तोवर हरिण ढुंकूनही बघायचं नाही. ऑर्विल इतका खुळा नाही. कुणाच्या तरी हट्टापायी पेरलंय ते.

हॅलो? … ट्रूडी?

आणि मागे कोण खोकतंय?

रेडिओ? रेडिओवर इतका वेळ कोण खोकतं?

थांब. बोलू नकोस… ते घड्याळ वाजलं ना आत्ता? कोकीळ ओरडली, आणि शेवटी घसा बसल्यासारखा आवाज. ते आईचं घड्याळ आहे. आईचं घड्याळ एमिलने नेलं होतं.

तू एमिलकडे आहेस.

माझा सख्खा भाऊ असेल, म्हणून काय? बाबांना पुरून आलो त्या दिवशीच्या जेवणात, भरल्या पंगतीत काय म्हणाला तो? इर्माने म्हाताऱ्याला गोड बोलून रान लाटलं! आणि तू त्याच्या घरात बसून मला सॅलड विचारतेस? मी रानाच्या फाटकावर पाटी लावलीय, ट्रूडी, त्याचं नाव घालून लावलीय. एमिल फेल्डने आत पाऊल टाकायचं नाही…

कोण आहे तिथे? ऑर्विल? मघाशी नाही म्हणालीस मला!

काय करतोय? … दाढी? कुणाची दाढी?

का? एमिलचे हात काय मोडले?

…

कधीपासून?

दोन्ही फुफ्फुसं?

आणि मला कुणी सांगितलं नाही. सगळा गाव जाणतो, माझा नवरा जाणतो, आणि मी इथे कोबी दाबत बसलेय… काय? मीच? काय म्हणाले होते मी?

हो. म्हणाले होते. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं म्हणाले होते.

म्हणजे ती गादी… आणि तो उतार चाकाच्या खुर्चीसाठी. अरे देवा!

मग नुसतं सलगम का? … एमिलने सांगितलं? … डॉक्टर काय म्हणतात?

पानं गळेपर्यंत.

आणि हा कडाक्याची वाट बघणारं पीक लावून बसलाय! हट्टी मेला. अगदी बाबांवर गेलाय.

नाही, रडत नाहीये. कोबी चिरतेय ना… असू दे, कोबीनेही येतं रडू. दे त्याला फोन. दे म्हणते ना!

एमिल?

… तू बोलू नकोस, खोकला येतो तुला. मी बोलते. एक म्हणजे, पेरा फार दाट झालाय. एकाला एक रोप चिकटलंय. अर्धं उपटलं नाही तर कांद्याएवढीसुद्धा सलगमं धरायची नाहीत. मी येऊन विरळणी करून देते.

दुसरं म्हणजे, ते आफ्टरशेव्ह बंद कर. एक हरिण फिरकायचं नाही… हो, आवडतं रे तुला, माहितेय. दाढीनंतर नुसतं पाणी लाव.

पाटी? … आहे अजून. तू रोज तिच्यासमोरून…

काय करायचा? कोट टाकायचा? आत जाताना ऑर्विल रोज पाटीवर आपला कोट टाकायचा? तू वाचू नयेस म्हणून?

… आणि माझ्याजवळ चकार शब्द नाही! घरी येऊ दे त्याला. नाही, ओरडणार नाही. जेवायला वाढीन.

हसू नकोस, खोकला लागेल… बघ, लागला. ट्रूडी, पाणी दे त्याला!

… झालं? बरं वाटतंय? ऐक आता. रान माझंच आहे. बाबांनी राजीखुशीने दिलं, मी काही लाटलं नाही. हे मी सोडणार नाही, एमिल. मला तुझ्याशी भांडायचंय, चांगलं टेबलावर हात आपटून. पण आत्ता नाही. कडाका पडू दे, हरणं येऊ देत, एक धिप्पाड हरिण पाड, मग भांडू. तोवर कुठे जायचं नाही. समजलं?

नाही रे, डॉक्टरांचं मला सांगू नकोस.

एकटीने कसं भांडू मी?

… हं. … हं. दमलास तू. ठेव फोन, मी गाडी काढतेय.