खंडेनवमीला बंद केलेला संगणक

माढ्याहून पहिल्या एसटीनं आलेली मुक्ताबाई सोलापुरात जन्मदाखल्याच्या खिडकीपाशी जीव मुठीत धरून उभी होती. इथंच सोलापुरात जन्मलेल्या तिच्या लेकीच्या, आरोहीच्या, नर्सिंग प्रवेशासाठी दाखला द्यायची आज शेवटची तारीख. आत संगणक दुरुस्तीवाला गौस अन् दाखले देणारी बाई बोलत होते.

“गौसभाऊ, पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं नुसतं चाकच फिरतंय.”

“कधीपासनं?”

“दसऱ्यापासनं. सगळ्याच मशीनवर.”

“ताई, प्रत्येक मशीन आधी त्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला हाक मारतंय. त्यो ओ देईना, म्हणून वाट बघत बसतंय.”

“त्यो खंडेनवमीला पूजेसाठी बंद केला होता की.”

“मग चालू कुणी केला?”

“कुणीच न्हाई.”

“जुन्या जन्मनोंदी कुटं असत्यात?”

“त्याच्यातच.”

“दुसरीकडं कुटं उतरवून ठेवल्यात का?”

“न्हाई वो.”

“आन् हे त्याच्या हवेच्या जाळीत काय वाळलंय?”

“नारळाचं पाणी. साहेबांनी फोडला, तवा उडालं.”

“या अल्ला! ताई, आत गेलं असंल तर बटण दाबताच जळंल.”

“न दाबून तरी काय करायचं? रांग बघा की!”

“मग दाबू?”

खिडकीच्या गजांतून मुक्ताबाईचा हात आत आला.

“हळू दाब रं बाबा. माझी आरोही हाय त्यात.”