पत्ताकोबीचं पोतं

वर्ध्याच्या बसस्टँडवर सेवाग्रामच्या बसची रांग लागली होती. वडनेरचा ताराचंद पत्ताकोबीच्या पोत्यावर हात ठेवून उभा होता. त्याच्या पुढं पाहुणेघराची सैपाकीण कुंताबाई मैत्रिणीला सांगत होती.

“व्हिएतनामच्या पाहुणीनं काल कच्ची पत्ताकोबी खाऊ घातली, देवकाबाई.”

“कच्चीच? शिजवली नाई?”

“नाई वं. मी पावशीवर दोऱ्यासारखी बारीक चिरून देली. तिनं त्यात लिंबू, गूळ, मिरची अन् शेंगदाण्याचा जाडा कूट घातला. सोयाबीनच्या दुधाचं पनीर केलं, तेई तळून टाकलं.”

“अन् फोडणी?”

“तेच तं! मी सवयीनं मोहरीची फोडणी घेऊन धावली. तिनं माहा हातच धरला.”

“काऊन?”

“मराठी बोलता कुठं येते तिले! एक पान उचललं, माह्या कानाजवळ नेलं अन् कटकन मोडलं. मले समजलं. गरम तेल पडलं असतं तं तो आवाज गेला असता.”

“मंग, खाल्ली तुनं?”

“दोन खेपा घेतली! पाहुणी तं इचारे, एवढी कुरकुरीत कोबी कोणाच्या वावरातली? तिच्यासंगच्या मास्तरनं समजावून सांगतलं मले.”

“कोणाची होती?”

“भाजीवाला म्हणे, वडनेरच्या कोण्या ताराचंदची. तिनं वहीत नाव लिहून घेतलं त्याचं.”

ताराचंदनं डोक्यावरची टोपी नीट केली. तेवढ्यात बस लागली.

“पोतं टपावर फेका!” कंडक्टर ओरडला.

“आजवर फेकलं, भाऊ,” ताराचंद म्हणाला. “आज मांडीवर घेऊन बसतो.”