धाकट्या जावेची लाथ

...आणि वर मलाच म्हणत्यात, "आक्का, ह्या वयात कशाला बसफुगडी घालायची?" ह्या वयात म्हंजे? शेचाळीस हे काय वय हाय व्हय? तुमास्नी सांगतो... सांगतो म्हटलं म्हणून दचकू नका पावणं, आमच्या कोल्हापुरात बायका बी येतो-जातोच म्हणत्यात... तर तुमास्नी सांगतो, राजारामपुरीत आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा, फुगडी म्हटलं की कुणाचं नाव येतंय? माझं! लगीन होऊन आल्यापास्नं माझं! मी गरागरा फिरायला लागलो की समोरचीच्या डोळ्यापुढं काजवं, आणि मी थांबलो की तिला धरायला दोघी लागायच्या. आणि असली मी, आं, असली मी, स्पर्धा चार दिवसांवर आलेली आणि घरात कशी? तर आडवी! कमरंचा स्नायू ओढलेला! आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

गौरी-गणपती आलं की आमच्याकडं झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा असत्यात. गंमत समजू नका हं! फुटबॉलवाली पोरं घाम गाळत्यात तसा आमी गाळतो. म्हयनाभर सराव, शिट्ट्या, पंच, हरकती, सगळं! आणि गेल्या साली ढाल कुणी नेली? जयसिंगपूरच्या बायकांनी! नेली तर नेली, गपगुमान जावं की न्हाय? एसटीच्या खिडकीतनं ढाल भायेर काढून दाखवत गेल्या! आणि त्यातली एक वरडली, "राजारामपुरीच्या वैनी, रिक्षा करून घरला जावा, चक्कर यील!" मला! चक्कर! त्याच जागंवर बोललो, पुढल्या साली ढाल न्हाय आणली तर फुगडीचं नाव टाकतो. पंचवीस बायकांच्या समोर बोललो. आता बोलला शब्द माघारी घ्यायची आमच्यात रीत न्हाय.

तर सराव सुरू झाला. माझी जोडीदारीण संघप्रिया, शेजारच्या बिल्डिंगमधली, शाळंत पीटी शिकवती. बाई दणकट, पण सवय वाईट... कायबी करायच्या आधी वॉर्मअप! हात वर, हात खाली, मान इकडं, मान तिकडं. म्हणाली, "आक्का, अंग गरम न करता बसफुगडी घालायची नाही हं." मी म्हटलं, "आगं, सकाळधरनं भाकऱ्या थापून आलोय, चुलीफुडं बसून! ह्याच्यापरास अंग किती गरम करू?" बरोबर हाय का न्हाय? बसलो की उकिडवी, धरले हात, आणि केली सुरवात. एक पाय फुडं, दुसरा पाय फुडं, एक पाय फुडं, दुसरा... बायका टाळ्या पिटाय लागल्या, "आक्का! आक्का!" मला आला जोर, मी वाढवला वेग, आणि... खळ्ळ! कमरंत खळ्ळ! मी म्हटलं फरशी फुटली. फरशी कुठली, मीच की वो! आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

मग काय, काटकोनात घरी. माझं तोंड जमिनीकडं, पाठ आभाळाकडं. रस्त्यानं वाकून चाललोय तर रिक्षावाल्यानं गाडी थांबवली. "मावशी, काय हरवलंय?" आता भर चौकात काय सांगू, बसफुगडीत कंबर गेली म्हणून? म्हटलं, "कानातलं." झालं! ह्यो उतरला, त्याचं पाशिंजर उतरलं, पानाच्या दुकानातली चौघं आली, सगळी वाकून शोधाय लागली. कोल्हापूरच्या माणसाला मदत कर म्हणून सांगाय लागत न्हाय, थांब म्हणून सांगाय लागतंय! आमची वरातच्या वरात वाकून घरापतोर आली. एकानं तर बटण आणून दिलं. "मावशी, हेच का?" म्हटलं, "व्हय बाबा, हेच."

घरात आमचं मालक. बघून म्हणाले, "आली का ढाल?" जखमेवर मीठ! पण माणूस मायाळू, लगीच माझ्या पाठीवर दुखण्याचा फवारा मारला. पाठ गार. सासूबाईंनी तव्यावर वीट तापवून शेक दिला. पाठ गरम. शेजारच्या धोंडुबाई आंबेहळद उगाळून आल्या. पाठ पिवळी. गार, गरम, पिवळी... आणि दुखणं आपलं जिथल्या तिथं!

मग दवाखान्यात. ती पोरगी डॉक्टरीण, श्रुती तिचं नाव, फिजिओथेरपीवाली, गोड बोलती. दाबलं, वाकवलं, म्हणाली, "काकू, स्नायू ओढला गेलाय. हाड ठणठणीत आहे. तीन आठवडे फुगडी बंद."

म्हटलं, "बसफुगडी का उभी?"

"कुठलीच नाही."

"आगं, रविवारी स्पर्धा हाय!"

"मग रविवारी जाऊन बघा की."

बघा! फुगडी ही काय बघायची गोष्ट हाय? पुरणपोळी समोर ठेवून वास घे म्हणल्यागत! भायेर आलो आणि रिक्षात रडलो. खरं सांगतो, लाज कशाची? ढाल गेली, शब्द गेला, आणि जयसिंगपूरच्या बायका आयत्या जिंकणार. दुखत हुतं ते कमरंपेक्षा हिकडं, काळजात.

घरी आलो तर सासूबाई पान चघळत म्हणाल्या, "ही उसण हाय. डागदरचं काम न्हवं. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, पाठीत. झटक्यात सुटती." पायाळू म्हंजे म्हायती हाय न्हवं? जल्माला येताना डोकं न्हाय, पाय पयला भायेर आलेला माणूस. त्याच्या पायाला गुण असतोय म्हणत्यात. मालकांनी फोन फिरवाय सुरवात केली. कबनूरचा एक मामा पायाळू निघाला, पण त्याचाच गुडघा बदललेला. "लाथ सोडा वैनी, मलाच जिना चढायला दोघं लागत्यात!" जयसिंगपूरची एक निघाली, तिला कोण बोलावतंय? ती जीवच घील! शेवटी सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "घरात असताना गावभर कशाला फिरायचं?"

"घरात कोण?"

"वरची."

सगळ्यांनी छताकडं बघितलं. मी सोडून. मला मान वर हुईना.

वरची म्हंजे माझी धाकटी जाऊ, संयोगिता. वरच्या मजल्यावर ऱ्हाती. आणि आमी दोघी बोलत न्हाय. का न्हाय? तर म्हयन्यामागं संघ निवडताना ती म्हणाली, "आक्का, मला बी घ्या की." मी म्हटलं, "आगं, फुगडी म्हंजे मोबाईलफुडं मुरडून रील काढणं न्हवं." एवढंच! सगळ्यांच्या देखत म्हटलं, व्हय, पण मोठ्यानं न्हाय म्हटलं... आता माझा आवाजच मोठा हाय त्याला मी काय करू? तवापास्नं ती जिन्यावरनं जाताना मुद्दाम चपला आपटत जाती. आणि आता तिच्याकडं जाऊन काय म्हणायचं? "संयोगिता, मला जरा लाथ घाल"? ह्यात माझं काय चुकलं वो? चुकलं तिचं नशीब, पायाळू जल्मली ती!

मालक म्हणाले, "मी न्हाय जाणार, भावजय हाय ती." सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोघी बघा." मग मीच कठडा धरून, एकेक पायरी, काटकोनात वर. दार उघडलं. मला तिचं तोंड दिसंना, पैंजण तेवढं दिसलं.

"काय वो आक्का? रील बघाय आला?"

गिळला अपमान. म्हटलं, "संयोगिता, तू पायाळू हाईस म्हणं."

"हाय की."

"मग... जरा... पाठीत..."

तिला समजलं! पयल्याच शब्दाला समजलं! पण अशी चेटकीण, कानावर हात ठेवलं आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं वरडली, "आगं बया! थोरल्या जावंला लाथ? मला पाप न्हाय लागायचं? काय म्हणताय, लाथच घालू? आत्ताच घालू? आक्कास्नी?" दोन मिनटांत खालची वरची सगळी दारं उघडली. संघप्रिया आली, धोंडुबाई आल्या, फुगडीचा सगळा संघ आला, आणि त्यो रिक्षावाला बी आला, त्याला कोण बोलावलं देव जाणे!

मला हॉलमधी सतरंजीवर पालथं घातलं. संयोगितानं पदर खोचला, फुडं आली, माझ्या पायावर डोकं ठेवलं. "आक्का, आधी पाया पडतो, मग मारतो. मनात काय धरू नका." सासूबाई म्हणाल्या, "डावा पाय. तीनदा. टेकवल्यागत." पयली लाथ... फूल! दुसरी, जरा गाडीला किक मारल्यागत. आणि तिसरी... आई गं! तिसऱ्या लाथंत त्या म्हयनाभराचा राग हुता, रील हुतं, चपला हुत्या, सगळं हुतं! धाडदिशी बसली! मी सतरंजीसकट टीपॉयपतोर सरकलो!

आणि उठलो.

सरळ!

ताठ! मला पंखा दिसला, घड्याळ दिसलं, माणसांची तोंडं दिसली! बायकांनी आरोळी ठोकली, मालकांच्या डोळ्यात पाणी, मी तर येडीच झालो आनंदानं! संयोगिताला मिठी मारली, तिचं हात धरलं, म्हटलं, "ये!" आणि सुरू केली की फुगडी, तिथंच, हॉलमधी! आणि काय सांगू तुमास्नी... पोरगी फिरती म्हंजे काय! मागं रेलली तर अशी बिनघोर रेलली, सगळा भार माझ्या हातात देऊन, भीतीचं नाव न्हाय. केस उडाय लागलं, भिंती फिराय लागल्या, मी मनात म्हटलं, आयला, ही एवढे दिवस वरच्या मजल्यावर काय करत हुती? मला आला जोर. म्हटलं, "खाली बस! बसफुगडी!" संघप्रिया वरडली, "आक्का, नको!" तवर बसलो. एक पाय फुडं, दुसरा पाय फुडं...

खळ्ळ.

आता लाथंनं बरी झाल्यावर माणूस फुगडी न्हाय घालणार तर काय हरिपाठ म्हणणार? ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

मी सतरंजीवर, परत पालथी. रविवारी संघप्रियाबरोबर कोण, हे त्यांच्या मनात, आणि माझ्याबी. संयोगिता फरशीकडं बघत उभी. ती मागंना. मागितलं असतं ना, तर मी न्हाय म्हटलं असतं, खरं सांगतो, तेवढी आढ्यता हाय माझ्यात. पण ती मागंना. मग मीच म्हटलं, "संघप्रिया, हिला घे. आणि वॉर्मअप करून घे तिचा."

रविवारी मला खुर्चीसकट स्पर्धेच्या हॉलवर नेलं, कमरंला पट्टा बांधून. शेवटची फेरी, समोर तीच जयसिंगपूरची, चक्करवाली. शिट्टी वाजली. आणि आमच्या दोघी सुटल्या! भिंगरी म्हंजे भिंगरी! मी खुर्चीवरनं वरडतोय, "रेल! आणि रेल! सोड भार!" पंच म्हणतोय, "बाई, गप बसा." मी म्हटलं, "तुमी गप बसा, माझी जाऊ हाय ती!" जयसिंगपूरची जोडी पाय अडकून बसली खाली, डोकं धरून, आणि आमच्या फिरायल्यात त्या फिरायल्यातच, शिट्टी वाजली तरी थांबंनात! नाद करायचा न्हाय कोल्हापूरकरणींचा!

ढाल घेतली आणि संयोगिता कुणाकडं आली? सरळ माझ्याकडं. मांडीवर ठेवली. म्हणाली, "आक्का, तुमच्या जागंवर फिरलो. जागा तुमचीच हाय." रडलो मी. भर हॉलमधी रडलो. रडताना बी कमरंत कळ येती, हे त्या दिवशी कळलं.

आता? आता फुडल्या साली आमी दोघी जोडी. ठरलंय. तोवर कंबर बरी करायची. दवाखान्यात व्यायाम चालू हाय. श्रुती डॉक्टरीण म्हणती, "बघा काकू, व्यायामानं फरक पडतोय ना?" सासूबाई म्हणत्यात, "फरक लाथंचा हाय." मी कुणाला दुखवू? दोन्ही चालू ठेवलंय. रोज सकाळी चा घेऊन वर जातो, दोघी बसून पितो, गप्पा मारतो, कप विसळून ठेवतो, मग गुमान भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हातो. आणि पाठीमागनं आवाज येतोय, अगदी अदबीनं बरं का, "आक्का, आज डावा का उजवा?"

म्हटलं, "तुझ्या मनाला यील त्यो मार, बाई."