जाऊबाईंच्या कानातली घडी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आपले औषधवाले काका, मंचावर बसलेल्या दुकानदार संघाच्या चिटणीस बाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या कान टोचणाऱ्या ताई, आणि माझ्या दुकानदार बंधुभगिनींनो,

मी ताईंच्या शेजारची शिंपीण. आमच्या दुकानांची भिंत एकच. तरी मध्यंतरी मी त्यांच्याकडे पाहतही नव्हते.

झालं असं, की माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ताईंकडून कानाच्या आत, वरच्या घडीत, छोटी बाळी घालून घेतली. शोभत होती, खोटं कशाला बोलू? तशीच हवी म्हणून मीही गेले. ताईंनी बॅटरी मारून कान पाहिला, बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "तुमच्या कानात ही नाही बसायची."

नाही बसायची म्हणजे काय? माझा कान काय वेगळ्या मातीचा? मनात पाल चुकचुकली. जाऊबाईंनीच सांगून ठेवलं असणार, हिला घालू नका. घरात अबोला सुरू झाला. शेवटी त्याच म्हणाल्या, "चल, तुझ्यासमोरच विचारते ताईंना."

ताईंनी दोघींना आरशासमोर बसवलं. जाऊबाईंची घडी चांगली उठावदार, चिमटीत येणारी. माझी जवळजवळ सपाट. "इथे बाळी धरायला पुरेशी कूर्चाच नाही," ताई म्हणाल्या. "दाब येईल, जखम भरणार नाही, बाळी हळूहळू बाहेर सरकेल."

पटलं का मला? छे. आरसाही यांचाच, असं म्हणत मी चौकापलीकडच्या दुकानात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "बसा, आत्ता करून देतो." माझा कान केसांखाली होता. त्यांनी केससुद्धा बाजूला केले नव्हते. मग मला त्यांचाच संशय आला. सुईचं पाकीट फोडायच्या आत मी उठले.

ताईंकडे परत आले, तर कुठे गेला होतात हे त्यांनी विचारलं नाही. कानाची बाहेरची कड तपासून म्हणाल्या, "इथे छान बसेल." टोचताना माझा हात जाऊबाईंनी धरला होता. वाटेत त्यांनी विचारलं, "मीच अडवलं असं वाटलं होतं ना तुला?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

आता ताई दुकान बंद करून लेकीकडे राहायला जाणार म्हणतात. मी लेकीला फोन करून विचारलं. खरंच आहे. खोटं निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाला काही टोचलं असेल, तर पोटात घाला.