आधी घर, मग उपदेश

मंडळी, ऐका! पूर्वरंगात आपण आसऱ्याबद्दल बोललो. देव आसरा देतो, देव पाठीशी उभा असतो — सगळ्यांनी माना हलवल्यात, मी बघत होतो! आता मी एक प्रश्न विचारतो. माना हलवू नका, उत्तर द्या. रस्त्यावर पडलेला एक माणूस आहे. कामधंदा नाही. दारू पितो. त्याला घर द्यायचं आहे. कधी द्यायचं? तो सुधारल्यावर — की आधी?

काय म्हणालात? 'सुधारल्यावर!' वा! आणि आवाज किती ठणठणीत! दादा, कीर्तन संपलं की तुम्ही घरी जाणार, पंखा लावून झोपणार, म्हणून आवाज एवढा ठणठणीत आहे. रागावू नका. सातवडच्या इंदूबाई म्हेत्रेही पहिल्यांदा हेच म्हणाल्या होत्या. त्यांचीच गोष्ट आज सांगायची आहे. पेटीवाले, सूर धरून ठेवा!

सातवड म्हणजे यंत्रमागांचं गाव. एकेकाळी गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलायला लागायचं. सातवडच्या नवरा-बायकोंची भांडणं म्हणे त्यामुळेच कमी होती — कोण काय बोललं ते ऐकूच यायचं नाही! पण धंदा बसला. माग भंगारात गेले. इंदूबाईंच्या यजमानांची मोठी शेड होती, तीही बंद पडली. यजमान गेले. मूलबाळ नाही. बाई मागच्या घरात एकट्या राहायच्या, आणि पुढे ती लांबच लांब रिकामी शेड! आत कबुतरं, बाहेर कुलूप.

त्याच शेडमध्ये रंगनाथ दिवटे जॉबर होता. जॉबर म्हणजे काय, की माग अडला, त्याला हाक मारा, तो दुरुस्त करणार. काम गेलं. भाड्याची खोली होती, ती चाळ पाडून मालकानं इमारत बांधली. नव्या इमारतीत दिवट्यांना कोण घेणार? भाडी कुठल्या कुठे गेली! रंगनाथ आणि त्याची बायको अनसूया गाठोडं घेऊन उड्डाणपुलाखाली आले. चार दिवसांसाठी म्हणून आले, मंडळी — आणि राहिले.

रंगनाथ पिऊ लागला. आणि अनसूया? पुलाखाली आल्यावर थोड्याच दिवसांत, झोपेत कुणीतरी तिच्या अंगावरची चादर ओढली. तिनं आरडाओरडा केला, तो पळाला. कोण होता, कळलं नाही. पण त्या दिवसापासून अनसूया रात्री झोपली नाही. बसून राहायची, भिंतीला पाठ लावून. हळूहळू बोलणं तुटलं. स्वतःशी पुटपुटायची, कुणी जवळ आलं की दगड उचलायची. गाव म्हणालं — वेडी झाली. आपल्याला काय, एक शब्द सापडला की काम झालं!

इंदूबाई रोज सकाळी देवळात जाताना त्या पुलाखालून जायच्या. रंगनाथला ओळखायच्या. भाकरी द्यायच्या, जुनं लुगडं द्यायच्या. एक दिवस थांबल्या आणि म्हणाल्या, "रंगनाथ, गावात निवारा आहे की. तिथं का जात नाहीस?"

"गेलो होतो बाई. तिथं बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ही माझ्याशिवाय राहत नाही. रडून रडून लाल झाली. परत आणली."

मंडळी, निवाऱ्याचा नियम वाईट नव्हता. बायकांच्या रक्षणासाठीच होता! पण या दोघांना तो लागू पडत नव्हता, त्याला काय करणार?

इंदूबाई म्हणाल्या, "मग असं कर. दारू सोड. तू दारू सोडलीस की माझ्या शेडमधली सूत ठेवायची खोली तुला देते. शब्द आहे माझा."

रंगनाथ हसला. म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्हाला ताप आला तर तुम्ही घरात पडून बऱ्या होता, का बऱ्या झाल्यावर घरात जाता?"

इंदूबाई तशाच पुढे निघाल्या. देवळात गेल्या. गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले — आणि नेहमीचं मागणं काही ओठावर येईना! त्यांनी मला स्वतः सांगितलं. म्हणाल्या, "महाराज, मी नवी नवरी होते तेव्हापासून त्या देवळात जाते. कधी जावेला टोचून बोलून गेले. कधी खोटं बोलून गेले. मनात कुणाचं वाईट चिंतून गेले. देवानं एकदा तरी दारात अडवलं का, की आधी सुधारून ये, मग आत घेतो?"

सांगा मंडळी, तुम्हाला कधी अडवलं? आज सकाळी घरात केवढा आवाज चढवून आलात, तरी इथं बसलातच ना? बसा, बसा. देव काही म्हणत नाही.

बाई देवळातून तडक घरी आल्या, सुताच्या खोलीची किल्ली घेतली आणि पुलाखाली आल्या. "चल. तिला घे. गाठोडं उचल."

रंगनाथला वाटलं चेष्टा आहे. "बाई, मी अजून पितो!"

"दिसतंय मला. ते नंतर बघू. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही आणि कमवायला लागलास की जमेल तेवढं भाडं द्यायचं, एवढंच. दारू सोडावीशी वाटली तर सांग. सरकारी दवाखान्यात मी बरोबर येईन. नाही वाटली तरी खोली तुमचीच."

आले दोघं. खोली लहानच. एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, बाजूला संडास. पण अनसूया उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना! बंद खोली बघून अंग चोरायला लागली. रंगनाथ ओढतोय, ती मागे सरतेय. तेव्हा इंदूबाई एकट्या आत गेल्या आणि म्हणाल्या, "अनसूया, इकडे बघ. ही कडी. ही आतून लागते. तू लावायची, तू काढायची. बाहेरून कुणाला उघडता येत नाही."

अनसूया आत आली. कडीला हात लावला. लावली... काढली. लावली... काढली. मग इंदूबाईंना हातानं खूण केली — बाहेर व्हा! बाई बाहेर आल्या. आणि अनसूयेनं आतून कडी लावली ती लावलीच! नवरा बाहेर! हसू नका, गाठोडंही बाहेरच!

आणि झोपली, मंडळी. दुपारी झोपली, ती रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, तरी उठेना. रंगनाथ पायरीवर बसून. दार वाजवतो, हाका मारतो, उत्तर नाही. घाबरला. इंदूबाईंकडे धावला, "बाई, ही गेली की काय!" बाईंनी खिडकीतून बघितलं. छाती संथ वरखाली होत होती. तोंड उघडं. घोरत होती!

"उठवू नकोस," बाई म्हणाल्या. "किती दिवसांची झोप आहे ती."

संध्याकाळ झाली तेव्हा कडी वाजली. अनसूया दारात उभी. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "च्या झाला का?"

च्या झाला का! एवढंच! पण रंगनाथ त्या पायरीवर लहान पोरासारखा रडला. कित्येक महिन्यांनी बायको त्याच्याशी सरळ वाक्य बोलली होती! पुढे डॉक्टरांच्या गोळ्याही लागल्या, मी नाही म्हणत नाही. सगळं एका झोपेनं बरं होत नाही. पण गोळी लागू पडायला आधी पाठ टेकायला जागा लागते!

आता तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. कशी संपेल? गल्लीत बापूसाहेब हावळ राहतात ना! भला माणूस, पण गल्लीचा कारभार आपल्यावाचून अडेल असं वाटणारा. त्या शेडच्या जागी दुकानांचा कॉम्प्लेक्स व्हावा म्हणून एका बिल्डरला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता. जागा दुसऱ्याची, शब्द यांचा! त्यांनी गल्लीत सांगायला सुरुवात केली, "आज एक दारुडा आला, उद्या दहा येतील. आपल्या लेकीबाळींनी जायचं कुठून?"

आणि रंगनाथनं काय करावं? सांगायला लाज वाटते, पण कीर्तनकारानं खोटं सांगू नये. दोन महिने बरे गेले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं काम मिळायला लागलं होतं. आणि एका सणाला, भर दुपारी, पोटभर पिऊन आला. गल्लीत धिंगाणा घातला. बापूसाहेबांच्या खिडकीची काच फोडली!

झालं! दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली शेडच्या अंगणात. बापूसाहेब मधोमध. "इंदूवहिनी, बघितलंत? घर दिलंत, सुधारला का? काढा आता!"

इंदूबाई शांतपणे म्हणाल्या, "काच तो बसवून देईल. पण बापूभावजी, तो सुधारेल म्हणून मी घर दिलंच नव्हतं. तो उघड्यावर होता म्हणून दिलं."

तेवढ्यात रंगनाथ पुढे आला. मान खाली. दारू उतरलेली होती आता. खिशातून किल्ली काढली, बाईंसमोर धरली. "घ्या बाई. ते खरं बोलतात. माझी लायकी नाही."

बापूसाहेबांना तर वाटलं, काम झालं!

आणि मागून अनसूया आली. जी माणूस बघितला की दगड उचलायची, ती त्या सगळ्या गर्दीतून सरळ चालत आली. नवऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. कमरेला खोचली. आणि बापूसाहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली —

"पिला तो. मी कुठं पिले? मी नाही जाणार."

मंडळी! द्या बघू या वाक्याला उत्तर! तुमच्याकडे आहे? माझ्याकडे नाही! आपण दारुड्याला घराबाहेर काढायचं बोलतो, तेव्हा त्याच्यामागून कोण कोण बाहेर पडतं, ते बघतच नाही! गर्दीतली एक म्हातारी पहिली उठली. म्हणाली, "बरोबर बोलली पोरगी. चला, घरी कामं पडलीत." आणि एकेक करत अंगण रिकामं झालं.

त्याच आठवड्यात रंगनाथ स्वतःहून म्हणाला, "बाई, दवाखान्यात येता?" गेल्या बाई. सुटली का दारू? सुटली, पुन्हा धरली, पुन्हा सुटली. आता विचारलं तर म्हणतो, "आजपुरती सुटली आहे, महाराज." केवढा प्रामाणिक माणूस!

आणि इंदूबाईंनी काय केलं? बिल्डरला नाही म्हणाल्या. सगळ्या शेडमध्ये भिंती घालून घरं केली. गावातल्या गवंड्यांनी कमी मजुरीत काम केलं, रंगनाथनं सगळी वीज जोडली. जागा एका संस्थेच्या नावावर केली. अट एकच: घर राहणाऱ्याचं, शेवटपर्यंत राहा, पण जमीन कुणालाही, कधीही विकता यायची नाही. ज्याची जशी कमाई, तसं भाडं. पुलाखालची माणसं तिथं आहेत, आणि दवाखान्यात झाडू मारणारी, पोळ्या लाटून देणारी, ज्यांना गावात भाडं परवडेना तीही आहेत. कोण कुठून आलं, ते दार बघून ओळखता येत नाही. मी तिथं जेवून आलो. अनसूयेनं वाढलं. वांग्याचं भरीत — काय सांगू!

बापूसाहेब बदलले का? छे! अजूनही म्हणतात, "कॉम्प्लेक्स झाला असता तर गल्ली कुठल्या कुठे गेली असती." पण त्यांची पाण्याची मोटार बिघडली की खिडकीतून हाक कुणाला जाते? "रंगनाथ, अरे रंगनाथ!" आणि तो गेला की आधी चहा येतो, मग पाना!

निघताना मी इंदूबाईंना म्हणालो, "बाई, आमच्या गावी या. तुमचा सत्कार करू." त्या म्हणाल्या, "शाल ठेवा तुमच्याकडे. तुमच्या गावात रिकामी जागा कुठं आहे, तेवढं विचारून सांगा."

म्हणून जिथं जातो तिथं विचारतो, मंडळी! मी आज दिवसभर तुमच्या गावातून फिरलो. बंद घरं मोजायला गेलो आणि सोडून दिलं. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला, वरचा मजला बंद. विचारलं, वर काय आहे? एक काका म्हणाले, "गाद्या आहेत. पाहुणे आले तर लागतात." आणि तिकडं बसस्टँडच्या मागे पोतं पसरून एक बाई बसली आहे, पोराला मांडीवर घेऊन. येताना तुम्हीही बघितलीत तिला. या गावात गाद्यांना छप्पर आहे, मंडळी — आणि पोराला नाही!

सगळ्यांनी सगळं द्या, असं मी म्हणत नाही. एक खोली. एक दार. ती बाई कोण, कुठली, तिचं काय चुकलं — नंतर विचारू, आत बसवून विचारू. आता हात जोडा, डोळे मिटा, देवाचं नाव घ्या. आणि दादा, पहिल्या रांगेतले — तुम्ही डोळे उघडलेत की घरी जाताना बसस्टँडवरून जा.