चार वेळा बंद आढळलेला गाळा

पूर्ण नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. बाजारात ‘शास्त्रीबुवा’ या नावाने ओळख. वय ५३ वर्षे. शिक्षण संस्कृत घेऊन एम.ए. धंदा वार्ताहर. राहणार बाजार चौकामागील गल्ली, छापखान्याच्या वरचा मजला.

आज सोमवारी सायंकाळी सहा वाजता स्वतःहून ठाण्यात येऊन, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगतो की :

मी गेली चोवीस वर्षे नगरपालिकेच्या बातम्या देतो. दर रविवारी माझे एक सदर छापून येते. त्यात नगरपालिकेची थट्टा असते. ज्यांची थट्टा होते ते कात्रण काढून जपून ठेवतात. यावरून तिचा कितपत परिणाम होतो ते कळावे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान घड्याळजी होते. चौकातल्या दुमजली बाजार-इमारतीत वरच्या मजल्यावर गाळा क्रमांक चार एकतीस वर्षे त्यांच्याकडे होता. हवालदारसाहेबांनी त्यांच्यासाठी ‘मयत’ असा शब्द लिहिला आहे. तो तसाच लिहावा लागतो असे ते म्हणाले. मी बोलताना भाऊजी म्हणणार आहे. दोन्ही इसम एकच समजावेत.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने चौकाचा पुनर्विकास ठरवला. घाईने पाडापाड होऊ नये म्हणून नागरिकांची देखरेख समिती असावी, अशी मागणी मी सहा लेख लिहून केली. ती मान्य झाली. समितीत तिघे नेमले गेले. एक अध्यक्षबाई; त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. दुसरे नगरपालिकेचे अभियंता. त्यांच्या कमरेला कायम मोजमापाची टेप लटकलेली असते, म्हणून चौकात त्यांना ‘टेप’च म्हणतात, ती बाहेर ओढलेली मी पाहिलेली नाही. तिसरा मी, स्वतंत्र पंच.

खालचे गाळेवाले तात्पुरत्या शेडमध्ये गेले. वरच्या सहांपैकी पाच गाळे रिकामे झाले. भाऊजींनी हरकत नोंदवली. तिची सुनावणी येत्या एकोणीस तारखेला होती. नियम असा आहे की हरकत प्रलंबित असताना वापरातला गाळा पाडता येत नाही. मात्र लागोपाठ चार पाहण्यांत गाळा बंद आढळला तर तो सोडून दिलेला समजावा आणि हरकत निकाली निघाली असे धरावे. हा नियम मला माहीत होता. वर्तमानपत्रात तो मीच छापला होता.

समितीची पाहणी सोमवारी असते. सोमवार हा बाजाराच्या सुट्टीचा वार. त्या दिवशी चौकात गाडी लावायला जागा मिळते आणि गुडघे दुखणाऱ्या अध्यक्षबाईंना चालावे लागत नाही. गाडीशेजारी उभे राहून वर पाहायचे, अशी पद्धत पडली. दर्शनी जिन्याच्या जाळीला नगरपालिकेचे कुलूप आहे. वरच्या मजल्यावर नगरपालिकेनेच मोठा फ्लेक्स लावला आहे, ‘आपला उद्याचा चौक’. त्यात झाडे, कारंजे आणि एक घड्याळाचा मनोरा आहे. मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या बरोबर मागे भाऊजींची खिडकी येत होती. त्यामुळे त्यांना दिवसाही दिवा लावून काम करावे लागे आणि तो दिवा खालून दिसत नसे. मंगळवारपासून रविवारपर्यंत मागच्या गल्लीतल्या जिन्याने गिऱ्हाइके वर जात. हे गावात सर्वांना माहीत आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, तशी समितीने वारावरून इमारतीची परीक्षा केली. याला आमच्या शास्त्रात स्थालीपुलाकन्याय म्हणतात. हवालदारसाहेबांनी हा शब्द दोनदा विचारला. तो गाळला तरी चालेल असे मी सांगितले. त्यांनी लिहिला आहे.

भाऊजी सोमवारीही गाळ्यात असत. नाजूक काम ते त्या दिवसासाठी राखून ठेवत. सोमवारी जिना वाजत नाही, हात हलत नाही, असे ते म्हणत. परंतु सुट्टीच्या दिवशी दुकान उघडे दिसले की व्यापारी संघ नोटीस देतो. संघाच्या सचिवांना सोमवार हा वार आपणच निर्माण केला असे वाटते. म्हणून भाऊजी मागच्या जिन्याने जात, दार आतून लावून घेत, आणि मी गेलो की दारावर तीन टिचक्या मारत असे. थर्मासमधला चहा आम्ही दोघांत प्यायचो. हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

पहिल्या पाहणीच्या दिवशी मी त्यांच्याकडून चहा घेऊन गल्लीला वळसा घालून चौकात आलो. टेप यांनी विचारले, “वरचा चार?” अध्यक्षबाई म्हणाल्या, “बंदच दिसतोय की.” मी काही बोललो नाही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिघांनी सह्या केल्या. मी नंतर परत वर गेलो. भाऊजींनी डोळ्याचे भिंग न काढता विचारले,

“माझं नाव नाही ना घेतलंस?”

“छे. तुम्ही तर बंद आहात.”

“शहाणा आहेस. नाहीतर सचिव उद्या दारात.”

असेच दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी झाले. मी त्यांना संघापासून वाचवतो आहे अशी माझी समजूत होती. नियम मी छापला होता आणि सह्याही मीच करत होतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून होत आहेत हे माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून झाली असती तर त्याच्यावर मी सदर लिहिले असते.

चौथी पाहणी मागच्या सोमवारी झाली. आम्ही गाडीशी उभे असताना अकरा वाजले आणि फ्लेक्सच्या मागून घड्याळांचे ठोके सुरू झाले. दुरुस्तीला आलेली घड्याळे एका सुरात वाजत नाहीत, त्यामुळे ते बराच वेळ चालले. टेप वर बघून म्हणाले, “बंद दुकानात वाजतंय कसं हो?”

अध्यक्षबाई म्हणाल्या, “चावी दिलेली असेल.”

त्या वेळी दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “बाई, सबंध बाजारात सोमवारची सुट्टी न पाळणारं एवढं एकच खातं आहे.” दोघेही हसले. टेप म्हणाले, “शास्त्रीबुवा, हे रविवारी येऊ द्या.” मी सही केली. काल रविवारी ते वाक्य छापूनही आले. सोबत अंक जोडला आहे.

आजची हकीकत. सकाळी सव्वादहाला टेप यांचा फोन आला. “चौकात या, फोटो मिळेल,” एवढेच ते म्हणाले. मी घरून थेट चौकात गेलो. भाऊजींकडे आधी गेलो नाही. दहा वाजून चाळीस मिनिटांनी चौकात पोहोचलो तेव्हा पाडकामाचे मशीन उभे होते, दोरी बांधून रस्ता अडवलेला होता. शनिवारी सायंकाळी पाडण्याचा हुकूम निघाला आणि त्याची नोटीस दर्शनी जाळीवर लावली, असे मला तिथे समजले. ती जाळी फ्लेक्सच्या खाली लोंबणाऱ्या कडेमागे झाकलेली आहे. भाऊजी त्या बाजूने ये-जा करत नव्हते.

पाडण्याआधी कोणीतरी वर जाऊन बघून येईल असे मी धरून चाललो होतो. अकराला पाच कमी असताना मी टेप यांना विचारले, “वर कोण जाऊन आलं?”

ते म्हणाले, “कशाला? चार पंचनामे आहेत. सही तुमचीच आहे की.”

मी म्हणालो, “वर माणूस आहे. आमचे भाऊजी आहेत वर.”

ते हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “चहा पितायत का? बुवा, आज नको. आज मशीनवाल्याला दुसरीकडे पण जायचंय.”

मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा ओरडून सांगितले. दोरीपलीकडे उभे असलेले लोकही हसत होते. त्यांच्यातले पुष्कळजण माझे सदर वाचतात. एवढ्यात मशीन सुरू झाले.

मी मागच्या गल्लीकडे धावलो. पोहोचायला साधारण दोन मिनिटे लागली असावीत. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो तेव्हा वर ठोके सुरू झाले. पहिल्या घड्याळाचे सात मोजले. पुढचे ऐकू आले नाहीत.

अग्निशमनचे जवान अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आले. भाऊजींना एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर काढले. ओळख कोण पटवणार असे विचारल्यावर मी पटवली. चिमटा त्यांच्या हातात होता. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

दुपारी दोन वाजता टेप यांनी याच ठाण्यात नगरपालिकेतर्फे तक्रार दिली. ती मला वाचायला मिळाली. तिच्यात म्हटले आहे की एका अनोळखी इसमाने रिकाम्या व वापरात नसलेल्या इमारतीत मागील बाजूने विनापरवाना प्रवेश केला आणि तो स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला. यावर माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

भाऊजी अनोळखी नव्हते. टेप यांचे स्वतःचे मनगटी घड्याळ गाळा क्रमांक चारमध्ये दुरुस्तीला होते. मागच्या सोमवारी मी ते टेबलावर पाहिले. पाकिटावर भाऊजींच्या अक्षरात टेप यांचे नाव आणि ‘गुरुवारी दिले, पंधरा दिवसांनी नेणार’ असे लिहिलेले होते. म्हणजे गाळा चालू असल्याचे ते गुरुवारी जाणत होते आणि सोमवारी जाणत नव्हते. ढिगाऱ्यात पाकीट शोधावे. दुरुस्तीची चिठ्ठी टेप यांच्या खिशात असेल.

चार वाजता अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. नंतर म्हणाल्या, “चारही कागद आपल्या तिघांच्या एकमताचे आहेत. तुम्हीही त्यात आहात, विसरू नका. भावनेच्या भरात काही बोलून बसाल.” मी त्यांना सांगितले की मी विसरलेलो नाही.

हवालदारसाहेबांनी मला आता विचारले, “‘आत कोणी असल्याचं मला माहीत नव्हतं’ असं घेऊ का? तुम्हाला सोपं जाईल.” मला सोपे जाईल, परंतु मग ते आत असत हे पाहून सांगणारा दुसरा कोणी नाही. भाऊजींनी घराबाहेर माझ्याखेरीज ते कोणाला सांगितले नव्हते. मी नाही म्हटले तर ते स्वतःच्याच गाळ्यात चोरून शिरलेले इसम ठरतात. म्हणून असे घ्यावे की मला माहीत होते. पहिल्या पाहणीला माहीत होते, चौथीलाही माहीत होते. प्रत्येक वेळी मी त्यांच्या हातचा चहा पिऊन आलो होतो. चारही पंचनामे खोटे आहेत आणि ते खोटे आहेत हे सही करणाऱ्या तिघांपैकी एकाला नक्की ठाऊक होते. माझे नाव फक्त साक्षीदारांत ठेवू नये. कुठे घालायचे ते साहेबांनी ठरवावे.

माझी बहीण दुपारी तीनपासून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसली आहे. तिच्याजवळ भाऊजींचा थर्मास आहे. तो फुटलेला नाही. मी आत येत असताना तिने विचारले,

“तुला माहीत होतं ना रे, ते सोमवारी असतात म्हणून?”

“हो, ताई.”

“मग आत जाऊन तेच सांग.”

यापलीकडे ती माझ्याशी बोललेली नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बहिणीनेही ऐकला. मी सांगितला तसाच तो आहे, त्यात थट्टा म्हणून सांगितलेले काही नाही. या इमारतीबाबत माझी ही पाचवी सही. आधीच्या चार गाडीच्या बॉनेटवर उभ्याउभ्या केल्या. ही बसून करत आहे.