दादाचं नदीकाठचं घर

परदेशात घर बांधणाऱ्यांचं कौतुक मला सांगू नका, माझा थोरला भाऊ तेच करून बसलाय. आम्ही उत्तनजवळच्या चौक गावचे कोळी. दादा कोळशाच्या बोटीवर नोकरीला लागला आणि इंडोनेशियात नदीकाठच्या एका खेड्यात लग्न करून राहिला. तिथं डॉक्टर हवा असेल तर अर्धा दिवस होडीतून जायचं. गेल्या महिन्यात त्याने व्हिडिओ कॉलवर लाकडी खांबांवर बांधलेलं नवं घर दाखवलं.

बाबांनी पहिलंच विचारलं, "जागा कोनाच्या नावावर हाय?"

"बायकोच्या. परदेशी मानसाला इथं जमीन विकत घेता येत न्हाय."

"म्हंजे उद्या तिनं हाकललं तर जाशील कुठं? गप घरी ये. इथं आपली हक्काची जागा हाय."

दादा म्हणाला, "बाबा, आपल्या घराखालची जमीन तरी कुठं आपल्या नावावर हाय? नाव लागावं म्हनून तुम्ही जन्मभर कचेरीत खेटे घातले. लागलं का?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते बाहेर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी दादाला एकदाही परत ये म्हटलेलं नाही.